लटारूबाबाचे पारखीचे पाणी

१९५४च्या हिवाळ्यात आरमोरीजवळच्या एका गावात सरकारी दवाखान्याचे औषध मांत्रिक लटारूबाबाच्या वाटीत पडले की काळे होई. वाटीतले पाणी फिकट पिवळे, औषध तांबूस. दूध किंवा विहिरीचे पाणी ओतले, तर काहीच होत नसे.

बाबाच्या मांडवात उभे राहायला जागा नव्हती. गुणाबाईने सुनेला पुढे केले. वच्छलेला सातवा महिना होता. ओठ पांढरे पडलेले, चार पावलांत धाप लागे. ती चोरून भिंतीची माती खाई.

"बाबाजी, पोरगी वाळून राह्यली."

"वाळंन नाई त काय! रक्त पेणारी पिशी बसली हाये अंगात. अन् तुमी वरून तिले जहर पाजता." बाबाने गुणाबाईच्या बाटलीतले औषध वाटीत ओतले. पाणी काळेभोर झाले. "हेच सुगंधाबाईनं पेलं होतं. कुठी हाये आता सुगंधाबाई?"

गावातली सुगंधाबाई मागच्या महिन्यात बाळंतपणात गेली होती. गुणाबाईने बाटली दगडावर फोडली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे डॉक्टर गुणवंतराव सायकलवरून आले. त्यांनी वच्छलेची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हती.

"औषध थांबवलंत, तर ही वाचणार नाही. बाळंतपणात जाईल तेवढं रक्तही हिच्या अंगात नाही. माती खाते तीसुद्धा अंगात लोह कमी पडल्यामुळे."

"तुमचं औषध काळं होते जी. म्या डोळ्यानं पाह्यलं."

"मलाही पाहू द्या. तुमचा गंजलेला विळा आणि दोन लिंबं आणा."

विळ्याचे पाते तिच्याच ओसरीत लिंबाच्या रसात बुडवून ठेवले. संध्याकाळी तो तांबूस रस घेऊन दोघे मांडवात गेले. डॉक्टरांनी तो वाटीत ओतला. पाणी काळेभोर झाले.

"विळ्यालेही पिशी लागली का, बाबा?" मागून गर्दीतला नथ्थू ओरडला. "उताऱ्याले कोंबडं आणू का?"

मांडव हसला. बाबा हसला नाही. "लोखंड अपवित्र राह्यते," तो पुटपुटला.

बाबा ज्या घागरीतून वाटी भरी, तिच्यातले पाणी डॉक्टरांनी पेल्यात घेऊन जिभेला लावले आणि पेला गुणाबाईपुढे धरला. चाखताच तिचे तोंड आवळले.

"हे त हिरड्याचं पाणी व्हय!"

"हिरडा फोडताना विळा का काळा पडतो, बाई?"

"पडतेच जी. बोटंही पडतात." तिने आपल्या बोटांकडे पाहिले. दर हंगामात ठेकेदारासाठी हिरडा फोडून तिने ती काळी बोटे नदीवर घासली होती.

हिरड्याचा तुरट अंश आणि लोह एकत्र आले की काळी शाई तयार होते. दवाखान्याच्या औषधात लोह होते, कारण रक्ताला लोहच हवे असते. कोणी रंग बदलून दाखवला, तर आधी वाटीत काय आहे ते विचारावे आणि चाखायला मागावे.

वच्छलेने त्याच रात्रीपासून नव्या बाटलीतले औषध पुन्हा सुरू केले. ती आणि तिचे मूल जगले.

सुगंधाबाई पिशीने गेली नाही, औषधानेही नाही. तिच्या अंगात रक्त कमी होते, आणि ते भरून काढणारे औषध तिने वाटीतले काळे पाणी पाहून बंद केले होते.