काउंटरवर ठेवलेला तांब्या

"आधी उलटी फिरव, मने. खट्ट वाजलं की मग सुलटी. जोर लावशील तर आटे जातील."

औशाच्या बाजारात, तांबटाच्या दुकानाच्या पायरीवर बसून एक आई आपल्या मुलीला हे सांगत होती. मुलगी नुकतीच शाळेवर शिक्षिका म्हणून लागली होती. रोज एसटीने जायचं, वाटेत पाणी कुठलं मिळणार, म्हणून आईने तिला मला घेऊन दिलं.

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा. माझं झाकण पेचाने बसतं. मला पिशवीत आडवा टाका, पालथा करा, पाण्याचा एक थेंब बाहेर येणार नाही. तांबटाने छिन्नीच्या टोकाने ठिपके मारून माझ्या पोटावर नाव घातलं, 'मनकर्णा'. तेव्हापासून मी तिचा.

तीस वर्षं मी तिच्याबरोबर शाळेत गेलो. उन्हाळ्यात एसटी बंद पडली की लोक म्हणायचे, "बाईंचा तांब्या काढा हो!" मग मनकर्णाबाई माझं झाकण काढायच्या आणि ज्याने त्याने ओंजळ पुढे करायची. ओंजळ कुणाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला त्याचा मोठा अभिमान होता. दरवर्षी कल्हईवाला आला की मी आतून चांदीसारखा होऊन निघायचो.

पुढे त्या निवृत्त झाल्या, लातूरला मुलाकडे राहायला आल्या. रेणुकादास त्यांचा मुलगा, एका क्लासमध्ये गणित शिकवतो. त्याची बायको मालविका, त्यांची एकुलती मुलगी दीपाली. घरात प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. तिथे किती वर्षं होतो ते मला सांगता येणार नाही. अंधारात वर्षं मोजता येत नाहीत.

ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मनकर्णाबाईंनी मला खाली काढलं. चिंचेने घासलं. देवासमोर ठेवलं आणि नेम घेतला, की यापुढे आपण स्वतः भरलेलंच पाणी प्यायचं आणि भरलेलं पाणी सांडायचं नाही. शिवाय चातुर्मासात मौनाने जेवायचं. जेवायच्या आधी माझ्यातलं पाणी तळहातावर घ्यायचं, 'कृष्णार्पण' म्हणून प्यायचं. तिथून तोंड बंद. जेवण झालं की पुन्हा माझंच पाणी प्यायचं, मग तोंड उघडायचं. त्या दोन पाण्यांच्या मधे कुणी हाक मारली, दारात पाहुणा आला, दूध उतू गेलं, तरी शब्द काढायचा नाही.

पहिल्या पाण्याचाही मी आणि शेवटच्या पाण्याचाही मी. एवढा मान कुठल्या भांड्याला मिळतो? मी फुगून गेलो होतो. आज तेच आठवून मला माझी लाज वाटते.

गेल्या श्रावणात दीपालीला तलाठ्याची नोकरी लागली. तीन वर्षं तिने अभ्यास केला होता. पहिल्या वर्षी दोन गुणांनी गेली, दुसऱ्या वर्षी परीक्षाच पुढे ढकलली. तिसऱ्या वर्षी यादीत नाव आलं, तेव्हा ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. त्या आनंदात सगळे लातूरातल्या नव्या इटालियन हॉटेलात जेवायला गेले. मलाही नेलं.

तिथे टेबलावर मेणबत्ती होती आणि भिंतीवर द्राक्षांची चित्रं. वाढपी पोरसवदा नव्हता, चांगला मिशीवाला होता. तो माझ्याकडे बघून हसला, "मावशी, यात काय, गंगा हाय का?"

"न्हाई बाबा, नळाचं हाय. चार दिवसांनी येतं, म्हणून गंगाच समज," मनकर्णाबाई म्हणाल्या.

तो हसत हसत आत गेला, कांदा-लसूण न घातलेला पास्ता सांगायला. मला कुणी हलवलं नाही. ती मंडळी जेवण यायची वाट बघत होती, तेवढ्यात दीपाली आजीच्या कानाशी वाकली. मी दोघींच्या मधेच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"आजी, बाबा स्थळं बघायलेत. ते लोक नोकरी सोड म्हणाले तर?"

"सोडायची न्हाई."

"मी बोलले तर उद्धट म्हणतात. तू बोलशील?"

मनकर्णाबाईंनी माझ्यावर हात ठेवला. "मी बोलेन. तुझ्या बापाला बोलायला मीच शिकवलंय. तुझी नोकरी जाऊ देणार न्हाई, हा माझा शब्द."

मग त्यांनी तळहातावर पाणी घेतलं आणि गप्प झाल्या. पास्ता त्यांनी हाताने खाल्ला. दीपालीनेही काटा बाजूला ठेवला आणि हाताने खाल्ला. मालविका पुटपुटली, "दोघी सारख्याच." पण ती रागावून म्हणाली नव्हती. माझ्या आयुष्यातलं ते शेवटचं सुखाचं जेवण.

दसरा झाला आणि नांदेडचं स्थळ आलं. मुलगा मिहिर, पुण्याला कंपनीत. त्याची आई विमलताई नांदेडला मोठ्या बंगल्यात राहते. मुलगा-मुलगी फोनवर बोलली, एकमेकांना पसंत पडली. बोलणी घरी नको, बाहेरच जेवत जेवत करू, असं विमलताईंनी ठरवलं. नांदेडला एक इराणी पद्धतीचं हॉटेल नवीन निघालं होतं, दुपारी तिथे भेटायचं ठरलं.

गाडीत मालविका म्हणाली, "आई, आज एक दिवस तांब्या नसता आणला तर?"

"चातुर्मास हाय ग," मनकर्णाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीच हळू. त्या हळू आवाजाने त्यांनी आपला नेम सगळ्यांकडून पाळून घेतला होता. नातीसाठी तो आवाज आधी कामाला यायला हवा होता. पण गाडीत नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही. जेवणाआधी बोलू, असं त्यांच्या मनात असावं.

हॉटेलात निळ्या फरशा होत्या आणि गालिचे. मिहिरला सुट्टी मिळाली नव्हती; विमलताई आधीच येऊन बसल्या होत्या, त्यांनी सगळ्यांचं जेवण आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही बसायला आणि ताटं यायला एकच गाठ पडली. केशराचा भात, पुदिन्याचा मठ्ठा, पनीरचे कबाब. भांड्याच्या तळाची खरवड तिथे वेगळ्या ताटलीत मानाने वाढतात.

"घ्या, आजी. तुमच्यासाठी साधा भात आणि दही, मुद्दाम सांगितलंय," विमलताई म्हणाल्या. माणूस वाईट नव्हतं ते. तेच तर अवघड असतं, मित्रांनो.

गरम ताट समोर आलेलं, पाहुणे थांबलेले. मनकर्णाबाईंनी माझी फिरकी काढली, तळहातावर पाणी घेतलं, 'कृष्णार्पण' म्हटलं. मौन सुरू झालं. त्यांनी झाकण बसवलं न बसवलं तोच मॅनेजर आला.

"माफ करा, बाहेरचं पाणी अलाऊ न्हाई इथं. काउंटरला ठेवतो. जाताना घेऊन जा."

मनकर्णाबाईंनी हात वर केला. तोंडाने काही बोलता येईना. मॅनेजरला वाटलं, 'हो' म्हणतायत. त्याने मला उचललं आणि काउंटरवर, बडीशेपेच्या वाटीशेजारी ठेवलं. पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या टेबलावर आल्या. त्या पाण्याने मौन सुटणार नव्हतं.

मी तिथून सगळं बघितलं. ऐकलंही. काउंटर काही फार लांब नव्हतं.

विमलताई मोकळेपणाने म्हणाल्या, "आमची एकच अट आहे. लग्नानंतर दीपालीने नोकरी करू नये. मिहिर पुण्याला, ही गावोगाव सातबारे घेऊन फिरणार, हे कसं जमायचं? आमच्याकडं काही कमी न्हाई."

रेणुकादास भाताकडे बघत राहिला. दीपाली म्हणाली, "काकू, मला नोकरी सोडायची नाही. बदली मागता येते."

"दीपा, मोठी माणसं बोलायलीत ना," तिचा बाप म्हणाला.

"बोलू द्या तिला. पण घरात वडील माणूस आहे, त्यांचं काय म्हणणं?" विमलताई मनकर्णाबाईंकडे वळल्या. "आजी, तुम्ही स्वतः नोकरी केलेल्या. तुम्हाला त्यातला त्रास माहीत. सांगा तुम्हीच."

दीपालीने आजीकडे पाहिलं. आजीने माझ्याकडे पाहिलं.

दीपाली ताडकन उठली आणि काउंटरशी आली. "दादा, तो तांब्या द्या. दोन मिनिटं."

"ताई, जाताना देईन ना. मालक रागवतो."

"अहो, आजीला बोलायचंय!"

मॅनेजरला त्यात काही समजलं नाही. समजावं तरी कसं? तेवढ्यात मालविकाने हाक मारली. आवाजात साखर होती आणि डोळ्यांत धाक. "दीपा, ये ग इकडं. तमाशा नको पाहुण्यांपुढं."

दीपाली परत गेली. मनकर्णाबाईंचा घास हातात तसाच होता. विमलताई हसून म्हणाल्या, "आजी गप्प आहेत, म्हणजे त्यांना पटलंय."

मित्रांनो, त्या टेबलावर रेणुकादासला ठाऊक होतं की आई मौनात आहे. मालविकाला ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं. 'आई जेवताना बोलत नाही, थोडं थांबू.' पण रेणुकादास म्हणाला, "आईचा कशालाच विरोध नसतो."

चहा आला. त्या इराणी चहाबरोबर काड्यांना लावलेली खडीसाखर देतात. विमलताईंनी एक काडी मोडली, त्यातला खडा दीपालीच्या तळहातावर ठेवला. "चला, तोंड गोड करा. साखरपुडा दिवाळीनंतर. राजीनाम्याचं तेवढं आधी उरकून घ्या."

दीपालीने मूठ मिटली. खडा तोंडात घातला नाही. घामाने तो तिच्या मुठीतच विरघळला असावा.

विमलताई गाडीत बसून गेल्या, आमची माणसंही गाडीकडे निघाली, तेव्हा मॅनेजरने मला परत दिलं. मनकर्णाबाई दारातच उभ्या राहून माझं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नोकरी सोडायची न्हाई."

ऐकायला मी होतो आणि हॉटेलचा रखवालदार.

परतीच्या वाटेवर लोहा गावाच्या पुढे दीपाली एकच वाक्य बोलली. "आजी, तुझा नेम राहिला ना? मग झालं."

मला त्या दिवसाचा सगळा दोष मॅनेजरवर टाकावासा वाटला होता. नंतर रेणुकादासवर. रात्रंदिवस ओट्यावर बसून मी दुसरा कुणीतरी शोधत होतो. पण खरं सांगतो, मी काउंटरवर असलो तरी जीभ तिच्याच तोंडात होती. ज्या बाईने बंद पडलेल्या एसटीत कुणाच्याही ओंजळीत पाणी ओतलं, तिने स्वतःच्या नातीला चार शब्द दिले नाहीत, कारण मी लांब होतो. माझ्यामुळे ती गप्प बसली आणि मी मात्र आयुष्यभर स्वतःला पवित्र समजत आलो.

घरात बोलणं कमी झालं. मनकर्णाबाईंनी एकदा रेणुकादासला म्हटलं, "मी पाहुण्यांशी बोलू का?" तो पेपर न हलवता म्हणाला, "आता शब्द गेलाय, आई. आपली इज्जत जाईल." दीपाली राजीनाम्याचा कागद लिहून टेबलावर ठेवायची, फाडायची, पुन्हा लिहायची. आजीशी ती फक्त कामापुरतं बोलायची. मनकर्णाबाई मला रोज भरत होत्या, पण घासत नव्हत्या. माझ्यावर हिरवट डाग आले. 'मनकर्णा'तले दोन ठिपके काळे पडले.

तुम्ही म्हणाल, हा तांब्या आता म्हणेल, जुन्या भांड्यांना घासूनपुसून ठेवा. नाही. मला तुमच्याकडून चिंच नको आणि कल्हई नको. तुमच्या घरातही कुणाचा उपास असेल, कुणाचा सोमवार, कुणाचं मौन. ते जरूर पाळा, मनापासून पाळा. मात्र कुणी तुमच्याकडे बघत असेल, तुमच्या एका शब्दावर त्याचं सगळं टांगलेलं असेल, तेव्हा माझ्यासारख्या भांड्याकडे बघू नका. देव रागावला तर नंतर त्याची समजूत घालता येते. त्याच्यापाशी वेळ आहे. पोरीपाशी नव्हता.

राजीनामा सोमवारी द्यायचा ठरला. शुक्रवारी पहाटे मनकर्णाबाईंनी आंघोळ केली, देवपूजा केली. कागद टेबलावर होता, तो त्यांनी वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. मग मला उचललं. मला वाटलं, आता भरतील. त्यांनी आदल्या दिवशीचं पाणी तुळशीत ओतलं, मला फडक्याने पुसलं आणि ओट्यावर पालथं घातलं.

मालविका डोळे चोळत आली. "आई, एवढ्या सकाळी कुठं?"

"नांदेडला. विमलताईंना भेटून येते."

"अहो, पण यांना विचारलंत का?"

"न्हाई."

मालविका गोंधळली. मग तिची नजर माझ्यावर पडली. "तांब्या राहिला की! दिवसभर पाणी कसं प्याल?"

"वाटेत मिळेल कुठंतरी. अहमदपूरला गाडी थांबते," मनकर्णाबाई म्हणाल्या. नेहमीच्याच हळू आवाजात. चपला घालून त्यांनी दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिन्याच्या कठड्याला धरत, एकेक पायरी उतरत गेल्या.