सगुणाबाईच्या आढ्यावरचा दिवा

दिवेलागणीला सगळी वाडी देवळाच्या पारासमोर गोळा झाली होती. सूर्य तोरणा गडाआड गेला, आभाळ काळवंडलं आणि वाडीच्या मावळतीकडच्या एका घराच्या आढ्यावर टपोरा पांढरा उजेड दिसू लागला. बायकांनी पदर तोंडाला लावले. देवरुषी रायबानं पारापुढं भंडाऱ्याची रेघ ओढली होती. तिच्या अलीकडे सगळ्यांना दाटीवाटीनं उभं करून तो म्हणाला, "चेटकिणीनं दिवा लावलाय. रेघ वलांडाल, तर त्यो तुमच्या घरावर यील."

ती चांदणी असेल, असं एक म्हातारा हळूच म्हणाला. रायबानं त्याला गप्प केलं. चांदणी पहाटे उगवते. ही सांजची आहे आणि रोज एकाच घराला धरून बसते, एवढं कारण रायबाला पुरलं.

ते घर सगुणाबाईचं. ती एकटी विधवा. माघात वाडीतल्या गुरांना लाळीचा रोग आला, तेव्हा रायबाचा अंगारा चालला नाही आणि सहा जनावरं दगावली. आजारी गुरं वेगळी बांधा, असं सगुणाबाई चारचौघांत बोलली होती. तेच तिला भोवलं. रायबानं तिच्या दाराला बाहेरून कडी घालायला लावली. पाडवा झाला की दिवा विझेल, असं त्यानं सांगितलं; मग तिला वाडीबाहेर घालवायचं, असं ठरलं.

मी देवीची लस टोचणारा. भोरहून निघून गावोगाव हिंडायचो. माझ्याजवळ एक जुनी पितळी दुर्बीण होती. लोक लस टोचून घ्यायला यायचे नाहीत, पण चंद्रावरचे डोंगर बघायला यायचे. मग मी दोन्ही कामं उरकून घ्यायचो. त्या शिमग्यात वाडीत आलो, तेव्हा सगुणाबाईला कोंडून एकोणीस दिवस झाले होते. तिची जाऊ ठकुबाई मागच्या झरोक्यातून भाकरी द्यायची. ठकुबाईची गायही मेली होती, आणि कडी घालणारा हातही तिचाच होता.

मी झरोक्यापाशी गेलो. आतून आवाज आला, अगदी शांत.

"दादा, त्यो उजेड मला रोज दिसतोय. हितनं त्यो रायबांच्या आढ्यावर असतोय. पर म्या बोलले तर म्हणतील, दिवा दुसऱ्यावर ढकलती. न बोलले तर माझाच. काय करू?"

मी तिथून पाटील मानसिंगरावांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टोचायचं काम करून पुढच्या गावाला जा, म्हणाले. मी उठलो नाही, तेव्हा खालच्या आवाजात बोलले, "डागतर, उद्या त्यो माझ्या घरावर दावला तर?" कडी सगुणाबाईच्या दाराला होती, पण कोंडलेली सगळीच वाडी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ती रेघ ओलांडली. रायबा ओरडला. मी मागं वळून ठकुबाईला एवढंच म्हणालो, की भाकरी द्यायला तुम्ही रोज तिकडे जाताच, आज मान वर करून बघा. तिनं एक पाऊल रेघेपलीकडं टाकलं. मग चालू लागली. सगुणाबाईच्या घराच्या परसात जाऊन तिनं मावळतीकडं पाहिलं.

"आवो, हितनं त्यो रायबांच्या घरावर हाय," ती म्हणाली.

एक गेला, दोन गेले. कोणी रानात जाऊन पाहिलं, कोणी ओढ्यापलीकडून. कोणाला उजेड पाटलांच्या माडीवर दिसला, कोणाला गोठ्यावर, कोणाला देवळाच्या कळसावर. जो तो आपल्यापुढच्या छपरावर दिवा बघत होता. तो ढळला नव्हता; बघणारे हलले होते. रायबानं रेघ ओढली होती ती एवढ्यासाठीच.

मग मी पिशवीतून नवं पंचांग काढलं आणि पाटलांना वाचायला दिलं. पाडव्यानंतर काही दिवसांसाठी शुक्राचा अस्त छापलेला होता. दिवा कधी विझणार, हे रायबाला तिथूनच कळलं होतं. शेवटी दुर्बीण लावली. ठकुबाईनं डोळा टेकवला. चिमुकली चंद्रकोर, ती म्हणाली. मी सांगितलं, हा शुक्र. आपल्या पृथ्वीसारखाच एक गोळा, सूर्याभोवती फिरणारा. चंद्रासारख्या त्याच्याही कला होतात. थोडे दिवस तो सूर्याच्या उजेडात लपेल आणि मग पहाटे उगवतीला दिसेल. तुमची पहाटेची चांदणी ती हीच.

रायबा केव्हा निघून गेला, कोणी पाहिलं नाही.

पाटलांनी स्वतः कडी काढली. सगुणाबाई बाहेर आली नाही. भिंतीला टेकून ती दाराकडे बघत राहिली. दुर्बीण बघायला चला, असं कोणीतरी म्हणालं. "तुमी बगा," ती म्हणाली. ठकुबाई आत जाऊन तिच्याशेजारी बसली.

वैशाखात शुक्र पहाटे दिसू लागल्याचा निरोप मला मिळाला. सगुणाबाई तोवर माहेरी निघून गेली होती.

शुक्राला कोणाचं घर ठाऊक नाही. कोणी तुम्हांला एकाच जागी उभं राहून बघायला सांगितलं, तर का, ते विचारा. चार पावलं सरका, पुन्हा बघा. आणि खात्री होईपर्यंत कोणाच्या दाराला कडी घालू नका.