हवा वाढवणारं कडं

सुतारकामाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचा लेथवाला, समोरचा रंगारी, त्यांची माणसं, सगळे माना उंचावून वायुगुरूंकडे बघत होते. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं. एका हातात तांब्याचं कडं, दुसऱ्या हातात लाकूड घासायचा, हवेवर चालणारा सँडर. बोलता बोलता ते सँडर हवेतच भुर्र भुर्र फिरवत होते.

"आधी कड्याशिवाय!" म्हणत त्यांनी सँडर फळीवर टेकवला. तो घरघरला, मंदावला, कुंथत थांबला.

"बघा, दुबळी हवा!" गुरूंनी सँडरच्या हवेच्या पाइपावर कडं चढवलं. "आता डोळे मिटा. ऐका, यंत्र कड्याशी बोलतंय."

कोपऱ्यात सँडरला हवा पुरवणारा छोटा कॉम्प्रेसर धडधडत होता. गुरूंचं निरूपण संपता संपेना. मग खट् आवाज होऊन धडधड थांबली.

"यंत्रानं कडं मान्य केलं!"

सँडर असा गरजला की लाकडाची भुकटी रंगाऱ्याच्या मिशीवर जाऊन बसली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

फक्त ताईंनी टाळी वाजवली नाही. शेड त्यांची आणि धाकट्या भावाची. शाळेच्या टेबलांची पहिली खेप परत आली होती. सँडर मध्येच मंदावायचा आणि फळ्यांवर गोल चरे उमटायचे. आता दुसरी खेप बिघडली तर काम हातचं जाणार होतं. मोठा कॉम्प्रेसर घेऊ, असं त्या भावाला सांगून सांगून थकल्या होत्या. आणि हा त्याच पैशांत कडं घ्यायला निघाला होता.

"ताई, आता तरी पटलं ना? काटा बघ, दाब पुरेपूर आहे," भाऊ म्हणाला.

"अरे, काटा दाब सांगतो. दर मिनिटाला हवा किती मिळते, ते नाही सांगत. किती वेळा सांगू तुला?"

"शिकलेल्यांचं हे असंच," गुरू हसले. "विश्वास नसला की हवासुद्धा रुसते."

"बरं. कडं लावलेलंच राहू द्या. ही अख्खी फळी घासून दाखवा. न थांबता, न बोलता."

"कड्याला विश्रांती लागते, ताई."

"मग मीच घासते."

अर्धी फळी झाली आणि सँडर कुंथायला लागला. ताईंनी तो तसाच फळीच्या टोकापर्यंत रेटला. मग कडं काढून एप्रनच्या खिशात टाकलं आणि हाताची घडी घालून त्या उभ्या राहिल्या. कॉम्प्रेसर धडधडत राहिला. खट्. त्यांनी कळ दाबली. सँडर मघासारखाच गरजला.

"आणि कडं?" लेथवाल्यानं विचारलं.

"खिशात. कॉम्प्रेसर छोटा आहे, सँडर हवा गटागटा पितो. टाकीत साठलेली संपली की रडतो. यांनी आधी गप्पा मारत, सँडर हवेत फिरवून टाकी रिकामी केली, मग तुम्हाला डोळे मिटायला लावून भरू दिली. खट् म्हणजे टाकी भरली, मोटर बंद झाली. यांचं निरूपण तेवढ्यासाठीच."

गुरू पेटी आवरू लागले.

"तरी पण," रंगारी हळूच म्हणाला, "लावून ठेवलं तर नुकसान काय?"

ताईंनी कपाळावर हात मारला. "नुकसान? ही फळी बघा!"

अर्धी गुळगुळीत होती, पुढे तेच गोल चरे. भावानं त्यांवरून सावकाश बोट फिरवलं.

"ताई, उद्या दुकानात तू चल."

"येते. पण टाकी केवढी न् रंग कुठला, यावर भाळू नकोस. आपल्या सँडरला दर मिनिटाला किती हवा लागते आणि यंत्र किती देतं, एवढंच विचारायचं." त्या गर्दीकडे वळल्या. "आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं ना, की तेव्हाच नीट उघडे ठेवा. सगळ्यांनाच सांगतेय."