काठातला काळा धागा

सेलूच्या विणकरांनी आपलं कापड कोणत्या मुलखात पाठवावं, हे प्रेमदास वर्षभर शोधत होता. आणि शोधायची त्याची रीत अशी, की ऐकणाऱ्याला हसू यावं. तो पेन्शनीत निघालेल्या शिपायांच्या ओट्यावर जाऊन बसे. लढाईच्या दिवसांत सेलूचे, हिंगणीचे, देवळीचे कितीतरी लोक पलटणीत भरती होऊन समुद्रापार गेले होते. त्यांना तो तोफांचं काही विचारत नसे. तिकडची माणसं कमरेला काय गुंडाळतात, ते कापड त्यांना कोण विकतं, आणि विकणाऱ्याचा पैसा कुठं न अडकता घरी येतो का, एवढ्या तीनच गोष्टी विचारी.

कारणही तसंच होतं. गिरणीचे पंचे बाजारात आले आणि वस्तीतल्या सतरा मागांचं कापड गठ्ठ्यातच राहू लागलं. विणकरांच्या सोसायटीच्या बैठकीत काहीजण माग मोडून कापसाच्या जिनात कामाला जायचं म्हणाले. प्रेमदासानं सगळ्यांसमोर शब्द दिला, की एक वर्ष थांबा, आपल्या हातच्या कापडाला गिऱ्हाईक असलेला देश मी शोधून दाखवतो. त्याच्या त्या शब्दावर सतरा घरं थांबली होती.

देश सापडला तो हिंगणीच्या नत्थूजींच्या पेटीत. नत्थूजी तीन वर्षं एडनच्या बंदरावर पहाऱ्याला होते. तिथल्या खलाशानं दिलेला एक फूता त्यांनी जपून ठेवला होता. फूता म्हणजे आपल्या लुंगीसारखंच, पण जाड, चौकटीचं आणि दोन्ही बाजूंना लाल काठ असलेलं कापड. प्रेमदासानं ते उन्हात धरलं, एकेक धागा मोजला आणि म्हणाला, "हे तर आपल्याच हातचं काम हाये." अडचण एकच होती. हे कापड रुंद होतं आणि वस्तीतले माग अरुंद. दोन पट्ट्या जोडून चालेल का, असं त्यानं विचारलं, तर नत्थूजी म्हणाले, की शिवण दिसली तर तिथला माणूस कापड हातात धरत नाही. मग प्रेमदासानं देवळीच्या सुताराकडून धागे ओवायची रुंद फणी करवून घेतली, आपल्या मागाचा खड्डा वाढवला आणि नमुन्याचं पहिलं कापड लावलं.

उभ्या धाग्यांचा ताणा लावायचं काम बायकोचं, कमलाचं. ताणा मागावर चढला तेव्हा प्रेमदासाला डाव्या काठाच्या लालात एक काळा धागा दिसला. वस्तीची ती जुनी चाल होती. नव्या तऱ्हेचं पहिलं कापड असलं, की त्याच्या एका काठात दिव्याच्या काजळीत माखलेला धागा घालायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही. दुसऱ्या कापडात तो घालत नसत. पण छप्पनच्या दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध झाली होती आणि असल्या गोष्टी सोडल्याचं प्रेमदासानं स्वतः घरोघर सांगितलं होतं. तो रागावला.

"शिकलेल्या माणसानं पाह्यलं तर काय म्हणन? काढ तो."

"काढला तर ताणा सैल पडन," कमला म्हणाली. "अन् समुद्रापार कोणाले दिसते तो? राहू द्या. या खेपेची दृष्ट मोठी हाये."

त्यानं तो राहू दिला, पण त्याला लाज वाटत राहिली. सोसायटीचे चिटणीस रूपरावजी कापड पाहायला आले तेव्हा तो काठ त्यानं आतल्या बाजूला दुमडून ठेवला होता.

रूपरावजी विणकर नव्हते. ते गावातल्या मोठ्या शेतकरी घरातले, मॅट्रिक झालेले, इंग्रजी पत्र लिहिणारे. चौथीत ते आणि प्रेमदास एका वर्गात होते. प्रेमदास दाराबाहेर बसे. एका दुपारी रूपराव सगळ्या पोरांसमोर प्रेमदासाच्या घरी गेले, माठात पेला बुडवून घटाघटा पाणी प्याले आणि त्यापायी त्यांनी बापाच्या हातचा मार खाल्ला. ती गोष्ट वस्तीत अजून सांगत असत. पुढंही वस्तीत आले, की ते कुणी देण्याची वाट न पाहता माठाकडं जात आणि आपल्या हातानं पाणी घेत. सोसायटी काढायची ठरली तेव्हा चिटणीस कोण, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही.

त्यांच्याजवळ प्रेमदासानं सगळं उलगडून ठेवलं. धाग्यांचा हिशेब, फणीची रुंदी, कोणता रंग कुठल्या बंदरात चालतो, नत्थूजींनी सांगितलेल्या दुकानदारांच्या गल्ल्या. रूपरावजींनी ते वहीत उतरवून घेतलं आणि ते नमुना घेऊन मुंबईला गेले.

बारा दिवसांनी परत आले ते हात हलवत. एडनवाल्या व्यापाऱ्यांना कापड पसंत पडलं नाही, असं त्यांनी बैठकीत सांगितलं. नमुना व्यापाऱ्यांनीच ठेवून घेतला, म्हणाले. ज्यांना पसंत नाही त्यांनी तो ठेवून कशाला घेतला, हे त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नाही. कारण पुढचं वाक्य तसं होतं.

"एडनचं सोडा. रंगून घ्या. तिकडं सारे बुद्धाले मानणारे लोक. तुमचेच भाऊ हायेत ते. भावाचं कापड भाऊ नाई घेणार, तं कोण घेईन?"

म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. नवा धम्म घेऊन दीड वर्षही झालं नव्हतं, आणि समुद्रापलीकडं आपली माणसं आहेत, ती आपल्या हातचं नेसतील, ही गोष्टच अशी होती, की तिला आपले तीन प्रश्न विचारावेत असं प्रेमदासाला वाटलं नाही. विचारायला हवे होते. देश शोधताना त्यानं ते पन्नास ओट्यांवर विचारले होते. पण त्या दिवशी तोही इतरांसारखाच हात वर करून बसला.

बाकीच्या सोळाही घरांनी प्रेमदासासारखीच रुंद फणी करवून घेतली. सतरा मागांनी चार महिने रंगूनच्या लुंग्या विणल्या. मग कळलं, की तिकडं माल उतरवायचा परवाना मिळत नाही. मिळेल, मिळेल, असं रूपरावजी सांगत राहिले. गठ्ठे सोसायटीच्या टिनाखाली छपरापर्यंत गेले.

कापूसवेचणीच्या दिवसांत नत्थूजी हिंगणीहून चालत आले. काखेत एक पुडकं होतं. पलटणीतला एक शिंपी एडनलाच दुकान टाकून राहिला होता. तिथला चालू माल पाठव, म्हणून प्रेमदासानं फार पूर्वी नत्थूजींकडून त्याला पत्र घातलं होतं. उत्तर आता आलं. शिंप्यानं लिहिलं होतं, की हल्ली हाच फूता सगळीकडं खपतो, मुंबईहून येतो, यंत्रमागाचा आहे आणि स्वस्त आहे.

प्रेमदासानं फूता उलगडला. चौकट त्याची. लाल काठ त्याचा. आणि डाव्या काठात, फक्त डाव्याच, एक काळा धागा होता.

कमला कांड्या भरत होती. तिनं मान उचलून पाहिलं, जवळ आली, धाग्यावरून बोट फिरवलं आणि तशीच खाली बसली. यंत्राला काय ठाऊक! समोर आलं ते त्यानं जसंच्या तसं उतरवलं. दृष्टीचा धागासुद्धा.

"आपल्याच कापडाले आपली दृष्ट लागली," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. परवान्याचं काय झालं ते रूपरावजींनी सांगून झाल्यावर प्रेमदासानं दोन्ही फूते त्यांच्यापुढं ठेवले, नत्थूजींचा जुना आणि पुडक्यातला नवा. रूपरावजींनी नवा हातात घेतला. चेहरा किंचित हलला, पण आवाज सरळ होता.

"पाह्य, मी म्हणत नव्हतो? तिकडं गिरणीवाले आधीच बसून राह्यले."

"चौकट आपल्यासारखीच दिसते," प्रेमदास म्हणाला.

"एडनची चौकट हाये ते. कोणीबी नत्थूजीच्या कपड्यासारखं इनन."

"अन् हा काळा धागा?"

"तोबी तिकडचाच. त्या लोकायची पसंती असन. नत्थूजीच्या फूत्यात नाई का?"

नत्थूजींनी आपला फूता उलगडला आणि दोन्ही काठ वर धरले. दोन्ही लाल होते. वस्तीतल्या प्रत्येक माणसाला, प्रत्येक बाईला तो धागा काय आहे ते ठाऊक होतं. जन्मभर या वस्तीत येऊन पाणी पिणाऱ्या एकाच माणसाला ते ठाऊक नव्हतं.

दाराशी बसलेली कमला म्हणाली, "तो मी टाकला होता, भाऊ. दृष्ट लागू नये म्हनून. त्या एकाच कापडात."

रूपरावजींनी फूता घडी करून खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, की एवढा मोठा व्यापार सतरा मागांना झेपलाच नसता, कुणीतरी केलाच असता.

"तं नाई झेपत म्हनून सांगाचं होतं," प्रेमदास म्हणाला. "आमचे भाऊ कायले दाखवले?"

रूपरावजी उठले. जाता जाता, इतक्या वर्षांच्या सवयीनं, त्यांची पावलं कोपऱ्यातल्या माठाकडं वळली. पेला बुडवला. कुणी अडवलं नाही. उभ्यानंच ते सगळं पाणी प्याले, पेला उपडा ठेवला आणि बाहेर पडले.

प्रेमदासाला फूता गेल्याचं दुःख होतंच. पण त्या पाण्याचा आवाज त्याच्या कानातून जाईना. चौथीतल्या त्या दुपारी रूपराव प्याले ते पाणी खरं होतं, की तोही एक नमुनाच होता, पुढं कामाला येईल म्हणून दाखवलेला? लहानपणची एकच गोष्ट त्यानं कधी पारखून पाहिली नव्हती. आता तिचा काठ तो रोज उलगडून पाहू लागला.

त्या उन्हाळ्यात अकरा माग मोडले. टिनाखालच्या लुंग्या घरोघरी वाटून घेतल्या. सेलूच्या बाजारात हिरव्या-जांभळ्या चौकटींच्या लुंग्या नेसलेली माणसं दिसली, की दुकानदार हसून म्हणत, "आलं पाह्य रंगून." प्रेमदासही त्यातलीच एक नेसून जाई. कापड चांगलं होतं. दोन धुण्यांनंतरही त्याचा रंग उतरला नव्हता.