दिवेलागणीची गाडी

धनंजयच्या विजेच्या गाडीचे मूळचे दिवे ठणठणीत होते. तरी त्याच्या डोक्यात भरलं, नागपुरातून नवे बसवून आणायचे. आता चांगल्या दिव्यांना काय धाड भरली होती, हे त्यालाच ठाऊक! मोबाइलवर कुणाची तरी गाडी पाहिली आणि पठ्ठ्या पेटला. नवे दिवे निळसर पांढरे, चालू होताना पापण्या उघडाव्या तसे हळूहळू उघडायचे. किंमत ऐकून त्याची बायको वर्षाली म्हणाली, "एवढ्यात तर घराले रंग झाला असता. अन् रस्ता तरी जास्त दिसते काय?"

"लोक पाह्यतात ना," धनंजय म्हणाला.

लोक पाहतच होते. वर्ध्याहून नोकरीवरून परतताना हिंगणीच्या वाटेवर गुरं जागच्या जागी थिजायची, कुत्री भुंकायची सोडून मागे सरायची. गाडीला आवाज नाहीच, नुसते दोन डोळे अंधारातून सरकत यायचे. पण खरी नवलाई घरी घडली. धनंजयचे वडील नत्थूजी, त्यांची नजर काचबिंदूनं गेलेली. दिवेलागणीला पहिल्या दिव्याला हात जोडायचे, हा त्यांचा जन्माचा नेम. सून तुळशीपाशी गेली की "लागला काय?" असं विचारून अंदाजानंच नमस्कार करायचे बिचारे. नवे दिवे अंगणात शिरले तसा म्हातारा खाटेवरून उठला.

"दिसला रे धन्या! मले उजेड दिसला!"

धनंजयला भरून आलं. पैसे वसूल झाले, असंच वाटलं त्याला.

मग नत्थूजी रोज सांजेला फाटकात येऊन उभे राहू लागले. पुढे पुढे फाटकाबाहेर. हात जोडून पुटपुटायचे, "ये वो धन्याची माय, ये." धनंजयची आई, मनकर्णाबाई, गेल्या साली वारली होती. ते ऐकून वर्षालीच्या अंगावर काटा आला.

"अहो, बाबा त्या उजेडाले माय समजून राह्यले," ती नवऱ्याला म्हणाली. "उजेड सारा झाडाच्या शेंड्यावर जाते, खालचा रस्ता दिसत नाई. एखाद दिवशी तुमच्याच चाकाखाली येतीन. जुने दिवे बसवा."

"इतक्या दिसानं बाबाले काही दिसलं, तेही हिसकू काय?" धनंजय चिडला. मिरवायचं होतं खरं, पण कारण कसं झकास सापडलं होतं!

कापूस वेचणीचे दिवस, अंधार लवकर पडायचा. त्या सांजेला कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं होतं, त्याचा धूर रस्त्यावर उतरला होता. दिव्यांचा उजेड धुरात फुटला, वर सागाची पानं पांढरीफटक झाली आणि खाली नुसता काळोख. घराजवळच्या वळणावर धनंजयला दोन जोडलेले हात दिसले. त्यांच्या वर एक चेहरा, डोळे मिटलेला, हसरा. खाली धड नाही, पाय नाहीत.

त्याची बोबडीच वळली. पाय ब्रेकवर कधी पडला, कळलं नाही. गाडी थांबली तेव्हा बंपर धोतराला टेकला होता. त्यानं दिवे बंद केले.

"मालवला काऊन?" काळोखातून नत्थूजींचा आवाज आला. "हात पुढं केलता तिनं. चाला म्हणे."

दुसऱ्याच दिवशी धनंजयनं सुट्टी टाकून जुने दिवे बसवून घेतले. सांजेला वर्षालीनं तुळशीत दिवा लावला. धनंजयनं वडिलांचा हात धरून ज्योतीजवळ नेला.

"ऊब लागते ना, बाबा? लागला दिवा."

नत्थूजींनी मान डोलावली. पण हात जोडले ते फाटकाकडे तोंड करून. गाडी तर त्यांच्या पाठीमागे, छपरीत बंद उभी होती.

"आली," ते हळूच म्हणाले. "आज लयच जवळ आली."

बाहेरचा रस्ता काळाकुट्ट होता. धनंजयनं धावत जाऊन फाटकाला कडी घातली आणि परत येऊन बापाचा हात घट्ट धरला. फाटकाशी बसलेलं कुत्रं भुंकलं नाही. मागे सरत सरत ते घरात येऊन बसलं.