प्रसादाची रांग

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, उजाडता उजाडता फादर साविन वेताच्या फाटकाशी आला, तेव्हाच तिनं ओळखलं की हा काही चांगलं सांगायला आलेला नाही. चांगलं असतं तर अंगणात येऊन बाकावर बसला असता, कॉफी मागितली असती. हा फाटकाची कडी धरून उभा. इथल्या पंथात फादर लग्न करतात, आणि यालाही घरी बायको नि लेक होती.

"वेता, जरा शांतपणे ऐक. चिडू नकोस."

"चिडू नकोस म्हटलं की मी चिडतेच, फादर. बोला."

"आज पोरांना प्रसाद द्यायचा आहे. पेला एक, चमचा एक, वाइनमधला पाव सगळ्यांच्या तोंडात त्याच चमच्यानं. तुदोराकाकू आणि आणखी काही लोक काल माझ्याकडे आले होते. तू मिरुनाला घरीच ठेव. दुपारी मी येतो आणि इथेच देतो. आजाऱ्यांना देतो तसा."

"आजारी कोण? काल तिनं परसात तीन ओळी बटाटे लावले. तुमची लेक मातीला हात तरी लावते का?"

"मला कळतं गं. लोकांना कळत नाही."

"मग लोकांना सांगा ना! तो काळा झगा कशाला घातलाय, थंडी वाजते म्हणून? तुदोराकाकूच्या नवऱ्याला क्षय होता. रक्त ओकायचा माणूस, आणि मरेपर्यंत याच चमच्यानं प्रसाद घ्यायचा. तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही. देवाच्या चमच्यातून काही लागत नाही, हे तुम्हीच शिकवता ना? की ते फक्त क्षयापुरतं?"

फादर लाल झाला. "निदान तिला शेवटी तरी उभी कर," तो पुटपुटला.

"पेल्यात उरतं ते शेवटी तुम्हालाच प्यावं लागतं. म्हणजे तुम्ही घाबरत नाही. रोगाला घाबरत नाही, तुदोराकाकूला घाबरता. शाब्बास!"

तो गेला. वेतानं फाटकाची कडी आपटून लावली. या गावात ती दोन वर्षांपूर्वी आली, आई वारल्यावर, आईच्या घरात. शहरात चौथ्या मजल्यावर कुणाला कुणाचं पडलेलं नव्हतं. इथे आल्यावर दवाखान्यातल्या नर्सनं पोरीची औषधांची चिठ्ठी वाचली आणि संध्याकाळपर्यंत डॅन्यूब नदीच्या काठावरच्या कोळ्यांनासुद्धा ठाऊक झालं, की वेताच्या दत्तक मुलीला एचआयव्ही आहे. त्या नर्सची जीभ सडो, असं वेता रोज म्हणायची, आणि तिला ते अजिबात चुकीचं वाटायचं नाही.

आत मिरुना आरशासमोर डोक्याला रुमाल बांधत होती. तेरा वर्षांची पोर, पण दिसायला दहाची. सात आठवडे तिनं उपास केला होता. दूध नाही, अंडं नाही, मांस नाही. शहरातली डॉक्टरीण फोनवर ओरडली, वेता घरात ओरडली, पण पोरगी ढिम्म. उकडलेल्या घेवड्याची उसळ खात बसायची. काल संध्याकाळी फादरकडे पापकबुली देऊन आली होती. आणि आज प्रसादाआधी पोटात काही जायचं नाही म्हणून सकाळच्या गोळ्यासुद्धा थांबल्या होत्या, कारण रिकाम्या पोटी त्या घेतल्या की तिला उलटी व्हायची.

"कोण होतं गं आई?"

"कुणी नाही. चल."

"मी रांगेत लोरेदानाच्या मागे उभी राहणार. आमचं ठरलंय."

वेतानं तिच्या रुमालाची गाठ नीट केली. एवढंच हवं होतं पोरीला. रांगेत उभं राहायचं आणि पुढे सरकायचं.

चर्चमध्ये पोरांची रांग लागली. मिरुना लोरेदानाच्या मागे जाऊन उभी राहिली. लोरेदानाच्या आईनं आपली मुलगी दंडाला धरून बाहेर ओढली. मग मागची दोन पोरं गेली. मग तुदोराकाकू आपल्या नातवाला घेऊन भिंतीकडे सरकली. बघता बघता रांगेत मिरुना एकटीच उरली. हात छातीवर दुमडलेले, मान खाली, कान लालभडक. पुढे फादर, हातात पेला आणि चमचा, आणि नजर भिंतीवरच्या संतांच्या चित्रांवर.

"द्या ना तिला," वेता मागून म्हणाली. "कशाला थांबलात?"

तुदोराकाकू हलक्या आवाजात, अगदी मायेनं बोलली, आणि तीच माया वेताला झोंबली. "वेता, तुझ्यासारखी पुण्यवान बाई मी पाहिली नाही. कुणाचं कोण पोर, पदरात घेतलंस. पण तुझ्या पुण्यापायी आमच्या पोरांनी का मरायचं?"

"पुण्य?" वेताचा आवाज घुमटापर्यंत गेला. "कसलं डोंबलाचं पुण्य? चमच्यानं नाही लागत हा रोग, अक्कलशून्य बाई! सुईनं लागला तो तिला! अनाथालयात, एकाच सुईनं, चाळीस पाळण्यांना! आणि तिथली नर्स टोचत होती तेव्हा हिचा हात कुणी धरला होता, माहितेय? मी! मी धरला होता!"

कुणीतरी मेणबत्ती खाली पाडली. वेताला थांबता येईना. बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, फादरलासुद्धा नाही. मिरुना बाळ होती त्या थंडीत वेता शहरातल्या अनाथालयात मदतनीस होती. रोड बाळांना अंगात जोर यावा म्हणून थोडं थोडं रक्त द्यायचे. सुई कोमट पाण्यात बुडवायची आणि पुढच्या पाळण्याकडे जायचं. बाळं हात झटकायची, म्हणून ते धरायचं काम तिचं. तिनं ते सगळं सांगितलं, ओरडून, शिव्या देत. नर्सला, सरकारला, स्वतःला. "आता बोला ना कुणीतरी! म्हणा ना मला पुण्यवान!"

चमच्याच्या भीतीपेक्षा त्या चाळीस पाळण्यांची शरम मोठी झाली. तुदोराकाकूनं नातवाचा हात सोडला. तो येऊन मिरुनाच्या मागे उभा राहिला. लोरेदानाही आली. फादर साविननं चमचा पेल्यात बुडवला आणि पुढे केला. त्याचे डोळे भरले होते.

"ये पोरी."

वेता जिंकली होती. मिरुना एक पाऊल पुढे गेली आणि थांबली.

"फादर, मनात कुणाबद्दल राग असला तर प्रसाद घेता येत नाही ना?"

"नाही घेता येत, बाळ. आधी क्षमा करावी लागते."

"मग मला नको," मिरुना म्हणाली. तिनं डोक्यावरचा रुमाल ओढून काढला आणि सगळ्यांच्या मधून बाहेर निघून गेली.

वेता धावली. मिरुना चर्चच्या आवारात, थडग्यांच्या कडेला उभी होती. रडत नव्हती.

"कुठला?" तिनं विचारलं.

"काय कुठला?"

"हात. माझा कुठला हात धरला होतास?"

"डावा," वेता म्हणाली. तिला आठवावं लागलं नाही.

मिरुनानं डाव्या हाताची मूठ वळली आणि आईच्या छातीवर मारली. मग परत मारली. मग मारतच राहिली, "सांगितलं का नाहीस, सांगितलं का नाहीस" म्हणत. चर्चच्या दारात सगळं गाव येऊन उभं होतं. वेतानं दोन्ही हात खाली सोडले आणि तिला मारू दिलं.