वाळूतली शर्यत

प्रभादेवीच्या मागे नारळीच्या वाड्या संपल्या की वाळूच्या टेकड्या लागायच्या. फार उंच नव्हेत, पुरुष-दीड पुरुष असतील. पण वाऱ्यानं त्यांची ठेवण दर पावसाळ्यानंतर बदलायची. मर्यादवेलीनं त्यांना जागोजागी धरून ठेवलं होतं. मधल्या खोलगट भागात सुरूची झाडं होती आणि तोंडाशी एक सरकारी पाटी: राखीव जागा, वाळू नेऊ नये. वाळू कुणी नेत नसे, पण पळणाऱ्यांनी तिथं पायवाटा पाडल्या होत्या. सुरूंमधून निघायचं, टेकड्या चढत-उतरत माहीमच्या अंगाला जायचं आणि ओहोटी असली तर ओल्या, कडक वाळूवरून परत यायचं.

या वाटेवर रोज पळणारी बाई एकच होती, दुर्गा तळपदे. दादरला मुलींच्या एका शाळेत ती कवायत शिकवायची. आईचं जुनं नऊवारी लुगडं, काष्टा घट्ट मारलेला, पाय अनवाणी. सुरुवातीला वाडीतल्या बायका तिला बघायला खिडकीत यायच्या. "कुणाच्या मागे धावतेस गं एवढी?" असं एकीनं विचारलं, तेव्हा दुर्गा थांबून म्हणाली होती, "मागे नाही काकू, पुढेच आहे मी." त्यानंतर कुणी तोंडावर विचारलं नाही.

तिचे वडील चिंतामणराव, घरातले अण्णा, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. माणूस सज्जन, पण साहेबाची मान हलायच्या आत यांची डोलायची. मुलीनं पळावं की नाही यावर त्यांनी कधी मत दिलं नाही. "लोक उठायच्या आत घरी येत जा," एवढंच म्हणायचे.

दर थंडीत त्या टेकड्यांवर तिथल्या जिमखान्याची शर्यत व्हायची. ती पुरुषांची. दुर्गानं दोनदा नाव दिलं होतं आणि दोन्ही वेळा चिटणीस श्यामकांतरावांनी ते हसत हसत परत केलं होतं. गेली काही वर्षं शर्यत जिंकत होता लालबागचा जयवंत. गिरणीत कापड विणायच्या साच्यावर उभा राहणारा गडी, पण वाळूत त्याची टाच कधी रुतायची नाही. त्याची बहीण शकू दुर्गाच्या हाताखाली शिकून गेलेली. पळायचं कसं हे ती भावाकडून शिकली आणि पळायला लाजायचं नाही हे दुर्गाबाईंकडून.

छप्पन साल उजाडलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं जानेवारीत दिल्लीहून जाहीर झालं आणि शहर पेटलं. मोर्चे, कर्फ्यू, गोळीबार. जयवंत लालबागच्या नाक्यावर होता. गोळी त्याच्या मांडीतून गेली. जीव वाचला, पायाचं मात्र डॉक्टर काही बोलत नव्हते.

कर्फ्यू उठला आणि जिमखान्यानं शर्यत रद्द झाल्याची सूचना लावली. दुर्गा ती वाचायला आत गेली, तर भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळ्यावर जयवंतच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली. ती तडक श्यामकांतरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"शर्यत का रद्द केलीत?"

"जमावबंदी आहे, दुर्गाताई. पाचजण एकत्र दिसले की उचलतात."

"आणि जयवंतचं नाव का झाकलंत?"

श्यामकांतरावांनी चष्मा काढून पुसला. "मंडळींचं म्हणणं पडलं, असल्या भानगडीत सापडलेल्या माणसाचं नाव सध्या नको. वातावरण निवळू दे, मग बघू."

"नाव त्यानं पायांनी मिळवलंय. त्याच पायात गोळी लागली म्हणून ते झाकायचं?"

"तुमचं ठीक आहे हो. आम्हाला संस्था चालवायचीय."

"चालवा. शर्यत आम्ही धावतो. ठरल्या दिवशी, ठरल्या वाटेनं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"बायका," दुर्गा म्हणाली. या खेपेला श्यामकांतराव हसले नाहीत.

तिनं कुठं पत्रकं वाटली नाहीत. शाळेतून गेलेल्या मुलींना सांगितलं, त्यांनी आपापल्या चाळीत सांगितलं. शर्यतीच्या दिवशी सुरूंखाली दादर, परळ, लालबागच्या बायका जमल्या. कॉलेजातल्या मुली होत्या, दोन लेकुरवाळ्या होत्या, एक तर सासूला सोबत घेऊन आली होती. शकू भावाचा बनियन पोलक्यावरून चढवून आली. तो गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

"दादाक येवक जमणा नाय, म्हणान मी इलंय," ती म्हणाली.

कुणीतरी आधीच चौकीवर कळवलं असावं. बायका रांगेला उभ्या राहतात न राहतात तोच एक फौजदार दोन हवालदार घेऊन आला.

"हा जमाव आहे. पांगा."

"पांगतोच आहोत," दुर्गा म्हणाली. "एकीनं टेकडी ओलांडली की दुसरी निघेल. वाटेत पाचजणी एकत्र दिसल्या तर सांगा."

"आणि या इथं उभ्या आहेत त्या?"

दुर्गानं मागे वळून आवाज दिला, "बायांनो, एकमेकींना हात लागणार नाही इतक्या दूर दूर उभ्या राहा."

बायका सरकत गेल्या. एक सुरूखाली, एक टेकडीच्या माथ्यावर, एक पार पाण्याच्या कडेला. एवढासा घोळका होता, तो पांगला आणि अख्खा किनारा बायकांनी भरून गेला. फौजदार इकडून तिकडे बघत राहिला. त्याला नेमकं कुणाला पांगवावं ते कळेना.

शकू पहिली निघाली. दुसऱ्या टेकडीच्या उतारावर तिचा पाय मुडपला आणि ती कोलमडली. फौजदाराची नजर तिकडे गेली, सगळ्यांचीच गेली. ती उठली, तोंडातली वाळू थुंकली आणि लंगडत, मग न लंगडता, पलीकडे दिसेनाशी झाली. मग दुसरी निघाली, तिच्यामागून तिसरी. सासूबाई नातवाला कडेवर घेऊन सुनेला ओरडून सांगत होत्या, "पदर खोच नीट, आणि खाली बघू नकोस."

फौजदाराला आता काहीतरी करणं भाग होतं. "यांची पुढारी तुम्ही ना? चला चौकीवर."

"येते की. माझी पाळी राहिलीय," असं म्हणून दुर्गा पळत सुटली.

एक हवालदार तिच्यामागे धावला. पहिल्या चढालाच त्याच्या बुटात वाळू भरली. तो खाली बसून बूट काढू लागला, तोवर दुर्गा तिसऱ्या टेकडीवर होती. छाती भरून आली होती, पोटऱ्या जळत होत्या. आता आपली नोकरी जाईल, अण्णांना साहेब बोलावील, हे सगळं तिला दिसत होतं आणि तरी पाय हलके पडत होते. माहीमच्या अंगाला वळसा घालून ती ओल्या वाळूवरून परत आली आणि थेट फौजदारासमोर येऊन थांबली.

"आता चला, कुठं नेताय तिथं."

चौकीवर चिंतामणरावांना बोलावून घेतलं. ते कचेरीच्या कोटात, टोपी घालून आले. दुर्गाकडे न बघता त्यांनी फौजदाराला नमस्कार केला.

फौजदार म्हणाला, "तुम्ही सरकारी नोकर. पोरीचं आयुष्य आणि तुमची नोकरी, दोन्ही कशाला घालवता? ती पुन्हा त्या वाळूत पाय ठेवणार नाही, एवढा शब्द द्या आणि घेऊन जा."

दुर्गानं मान खाली घातली. अण्णा काय म्हणतील हे तिला ठाऊक होतं.

चिंतामणरावांनी टोपी नीट केली. मग हळू आवाजात म्हणाले, "साहेब, पाय तिचे आहेत. त्यांचा शब्द मी कसा देऊ?"

"म्हणजे?"

"म्हणजे, नाही देत. तिनं गुन्हा केला असेल तर लिहून घ्या. मी इथं बसतो."

ते खरोखरच बाकावर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. फौजदारानं चहा मागवला, प्यायला, पुन्हा एकदा दरडावून पाहिलं. एकटीनं पळणाऱ्या बाईवर कुठलं कलम लावायचं हे त्यालाही सुचेना. दुपारी त्यानं दोघांना जायला सांगितलं.

पुढे व्हायचं ते झालंच. चिंतामणरावांची बढती अडली. शाळेनं दुर्गाकडून लेखी माफीनामा मागितला, तिनं तो दिला नाही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिला दुसरी शाळा शोधावी लागली. जिमखान्याच्या फळ्यावरची पट्टी तशीच राहिली.

त्या संध्याकाळी मात्र दुर्गा आणि शकू दवाखान्यात जयवंतच्या खाटेशी बसल्या होत्या. शकूचा घोटा सुजून भोपळा झाला होता. जयवंतनं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या टेकडीला उजवीकडून चढायचं असतं एवढंही हिला कळत नाही, म्हणून बहिणीला रागावला. मग त्यानं विचारलं, "पहिली कोण इली?"

घड्याळ कुणीच लावलं नव्हतं.

"रविवारी बघू," दुर्गा म्हणाली.

"म्हणजे परत धावतलात?" जयवंतनं विचारलं.

"जमावबंदी उठेपर्यंत दर रविवारी. आणि उठल्यावर सगळ्याजणी एकदम."